एकशे तेहेतीस बायका आणि सातची कसोटी

मी शाळेत गणित शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ मी एका संख्येपासून तोंड लपवून काढली. ती संख्या एकशे तेहेतीस. सहावीचा पेपर काढताना मी एकशे एकतीस घालायचो, एकशे पस्तीस घालायचो, पण मधल्या त्या घरावरून पाय न वाजवता जायचो. कुणाच्या वहीत ती उत्तर म्हणून आलीच, तर पटकन बरोबरची खूण करून पान उलटायचं. हे कुणाला बोललो नाही. मुळात मी बोलतोच कमी. बायको म्हणते, ह्यांच्याकडून शब्द काढायचा म्हणजे पाणी गेलेल्या नळाखाली बादली लावून बसायचं. आता मात्र जे बोलायचं ते चारचौघांत उभं राहून बोलून झालंय, तेव्हा लिहून टाकायला हरकत नाही.

नाशकातल्या आमच्या कॉलनीत कवायतीच्या एक बाई राहतात. सिन्नरकडच्या एका शाळेतून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांची शिट्टी काही निवृत्त झाली नाही. आठ वर्षांपूर्वी त्यांनी मनावर घेतलं की पाडव्याच्या मिरवणुकीत आपल्या भागातल्या बायकांचं लेझीम पथक उतरवायचं. दोन महिने मैदानावर सराव चालला. बँकेतल्या, शाळेतल्या, मळ्यातून भाजी घेऊन येणाऱ्या, घरीच असणाऱ्या, सगळ्या पहाटे साडेपाचला हजर. एकसारख्या आंबा रंगाच्या नऊवारी साड्या मागवल्या. त्यात माझी बायको होती.

तिचं माहेर सटाण्याकडचं, कांद्याच्या शेतीतलं. लहानपणी शाळेतल्या लेझमीत तिला घेतलं नव्हतं, उंची कमी पडली म्हणून. ते तिच्या मनात राहून गेलं असावं. सराव सुरू झाल्यापासून आमच्या घरात कुठलंही काम ठेक्याशिवाय होईना. पोळी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत दोन पावलं पुढे, दोन मागे, एक बैठक. पोळ्या थोड्या करपायच्या. मी करपलेल्या खायचो आणि काही बोलायचो नाही, म्हणजे त्या काळात मी चांगला नवरा होतो.

पाडव्याला चार दिवस राहिले असताना, रविवारी सकाळी, बाईंनी मला मैदानावर बोलावून घेतलं.

"सर, एकशे तेहेतीस जणी आहेत. मला सगळ्या रांगा सारख्या पाहिजेत. मागं शेपूट राहिलेलं मला चालत नाही. कशा पाडायच्या तेवढं सांगा."

कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, घरी जाऊन कागदावर बघतो. पण एकशे तेहेतीस बायका माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात एवढ्या लोकांनी माझ्याकडे एकदम बघण्याचा प्रसंग लग्नातसुद्धा आला नव्हता, कारण तिथे निम्मे लोक जेवणाकडे बघत होते. मी हात मागे बांधले आणि मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू केलं.

"दोनने भाग जात नाही, संख्या विषम आहे. तीनने बघू. एक, तीन आणि तीन, बेरीज सात. सातला तीन जात नाही, म्हणजे हिलाही नाही. शेवटी शून्य किंवा पाच नाही, म्हणून पाचही गेले."

बायकांत कौतुकाची कुजबुज झाली. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पुढे सात होते.

सातची कसोटी मुलांना सहसा शिकवत नाहीत. ती मला येते याचा मला अभिमान होता. शेवटचा अंक काढून घ्यायचा, त्याची दुप्पट करायची आणि ती उरलेल्या संख्येतून वजा करायची. येईल त्याला सातने भाग गेला, तर सगळ्या संख्येला जातो. एकशे तेहेतीसचा शेवटचा तीन, दुप्पट सहा. उरले तेरा. तेरातून सहा वजा केले की सात. संपलं. सातवीतलं पोर करील.

मी वजा केले नाहीत, मिळवले. तेरा आणि सहा एकोणीस.

"एकोणीसला सात जात नाही," मी म्हणालो. आणि हे वाक्य स्वतंत्रपणे खरंच होतं, म्हणून आवाजात जराही कंप नव्हता. "आता अकरा. कडेचे दोन मिळवा, मधला वजा करा. एक आणि तीन चार, त्यातून तीन गेले, राहिला एक. नाही. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, तो पुढे जातो, तेव्हा त्यापुढे बघायलाच नको. ही मूळ संख्या आहे."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे एक आणि ती स्वतः, याशिवाय हिला कुणी भागत नाही. सारख्या रांगा पडणार नाहीत. एक तर सगळ्या जणी आडव्या एका ओळीत चालतील, नाहीतर एकामागे एक."

मागून कुणीतरी म्हणालं, "एकामागे एक गेलो तर पहिली रामकुंडावर आणि शेवटची अजून द्वारकेच्या सिग्नलला."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. मग म्हणालो, एक कमी करा. एकशे बत्तीस फार गुणी संख्या आहे, तिला दोन, तीन, चार, सहा, अकरा, बारा, सगळे भागतात. सहा-सहाच्या बावीस रांगा करा.

"सहाच्या बावीस झकास," बाई म्हणाल्या. "पण कमी कोणाला करायचं?"

कुणीतरी सुचवलं, एकीला झेंडा देऊन एकटीच पुढे ठेवा. बाई म्हणाल्या, एकीला पुढे ठेवली की पाडव्याच्या आत पन्नास जणी रुसतील. दुसरीने सुचवलं, दोघी वाढवा. पण त्या साडीचा माल संपला होता. ज्या बायका मघाशी माझ्याकडे बघत होत्या त्या आता आपापल्या चपलांकडे बघायला लागल्या.

आपल्याकडे एक रीत आहे. पंगतीत ताटं कमी पडली तर यजमानाच्या घरचे आधी उठतात. ज्याने दुसऱ्याला थांबा म्हणायचं, त्याने आधी आपलं माणूस थांबवायचं. माझे वडील असेच होते. ती रीत माझ्या तोंडून बोलली.

"आमच्या घरची थांबेल."

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. बायको पाचव्या का सहाव्या रांगेत होती, ती पुढे आली. तिने लेझीम बाईंच्या हातात दिली आणि मला हळूच विचारलं, "गणित तसंच आहे ना?"

"तसंच आहे."

"मग काय," ती म्हणाली.

इथवरची चूक ही चूक आहे. ती कुणाचीही होते. मी फळ्यावर याहून मोठ्या केल्यात आणि मुलांनी दाखवल्यावर पुसल्यात. पुढचं सांगायला मला आठ वर्षं लागली.

पाडव्याला सकाळी आम्ही जुन्या नाशकात, मिरवणूक जिथून निघणार तिथे पोचलो. बायकोने ती आंबा रंगाची साडी नेसली होतीच. शिवलेलं पोलकं वाया कशाला घालवायचं, म्हणाली. तिच्याकडे खाऊचं काम होतं. मिरवणूक संपली की प्रत्येकीला चिवड्याची एक पुडी. ऑर्डर आधीच गेली होती, त्यामुळे पुड्या एकशे तेहेतीसच होत्या. चिवडेवाला रिक्षातून आला आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर पिशव्या मांडायला लागला.

"मोजून घ्या सर. एका पिशवीत सात पुड्या. एकोणीस पिशव्या हायेत."

"किती झाल्या?" मी विचारलं. सवयीने विचारलं.

"एकशे तेहेतीस. एक कमी नाय, एक जास्त नाय. तुमीच सांगितलं व्हतं ना?"

मी पिशव्या मोजल्या. एकोणीस भरल्या. परत मोजल्या, या वेळी अठरा भराव्यात अशा इच्छेने. एकोणीसच. मग एक पिशवी उघडून आतल्या पुड्या मोजल्या. चिवडेवाला जरा दुखावला. म्हणाला, "सर, एवढा अविश्वास बरा नाय."

सात गुणिले एकोणीस. एकोणीसचा पाढा मी तिसरीत असताना वडिलांसमोर उभं राहून म्हटलाय. तो त्या ओट्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून माझ्यासमोर बसला होता. सात-सात बायकांच्या एकोणीस रांगा, एकही मागे न उरता.

मिरवणूक निघायला अजून पाऊण तास होता. बाई माझ्यापासून दहा पावलांवर, शिट्टीची दोरी सोडवत होत्या. बायकोची लेझीम त्यांच्याच पिशवीत होती. आणि बायको माझ्या शेजारी उभी, साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. दहा पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, बाई, माझं चुकलं, सातच्या रांगा करा. एवढंच.

मी म्हणालो, "पिशव्या सावलीत ठेव. चिवडा मऊ पडेल."

का, ते तुम्हाला काय सांगू. चार दिवसांपूर्वी टाळ्या मिळाल्या होत्या, त्या परत कशा करायच्या ते मला कळेना. शिवाय त्यात माझ्या शाळेतल्या दोन बाई होत्या.

सासूबाई सटाण्याहून पहिल्या बसने आल्या होत्या, लेकीची लेझीम बघायला. लेकीने त्यांना फोनवर काही सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी शेजारणींना सांगून ठेवलं होतं. मला त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कडेला उभं केलेलं. पथक निघालं. पहिली रांग गेली, दुसरी गेली. पाचवी गेल्यावर त्यांनी विचारलं, "मनी पोर कोठे शे?"

मी म्हणालो, "मागच्या रांगेत असेल."

हे दुसरं पाप. त्या बिचाऱ्या टाचा उंच करून बावीसच्या बावीस रांगा बघत राहिल्या, प्रत्येक रांगेत सहा तोंडं. मी त्यांच्याबरोबर बघत राहिलो, जणू मलाही उत्सुकता होती. शेवटची रांग गेली आणि तिच्या मागून आमची बायको चिवड्याच्या पिशव्या घेऊन आली.

"माय, गणित जमलं नाही," ती म्हणाली.

सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मास्तर घरमा शे, तरी?"

एकशे बत्तीस पुड्या वाटून एक उरली. ती मायलेकींनी ओट्यावर बसून अर्धी-अर्धी खाल्ली. मला विचारलं, मी नको म्हणालो.

त्यानंतर मी सुधारलो. म्हणजे भाजी आणायला लागलो, दळण आणायला लागलो, न सांगता माळ्यावरचे डबे काढून द्यायला लागलो. तिच्या वाढदिवसाला मी तिला एक लेझीम आणून दिली. तिने ती दाराशी खिळ्याला अडकवली आणि तिच्यावर गाडीच्या किल्ल्या ठेवायला लागली. रोज शाळेत जाताना किल्ली काढली की ती छन्न वाजायची. दोन-तीनदा तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का? डॉक्टरला दाखवायचं का?" मी म्हणालो, बरा आहे. पुढच्या वर्षी बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पथक पुन्हा उतरलंच नाही, त्यामुळे भरपाईची संधीही गेली.

पण खरी शिक्षा वेगळी होती. बायको ही गोष्ट लोकांना सांगायला लागली. तक्रार म्हणून सांगितली असती तर मी सुखाने ऐकली असती. ती कौतुकाने सांगायची. हळदीकुंकवाला, बारशाला, एकदा तर रक्त तपासायला गेलो तेव्हा रांगेत पुढे असलेल्या अनोळखी बाईंना. "ह्यांनी काय करावं? दुसऱ्याच्या बायकोला नाही काढलं. आपल्या घरच्याला काढलं. गणितापुढे ह्यांना कुणी नाही." दरवर्षी गोष्ट थोडी वाढायची. तिसऱ्या वर्षी मी मैदानावर रात्रभर कागद घेऊन बसलो होतो. पाचव्या वर्षी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी शेजारी बसून चहा पीत ऐकायचो. लोक माझ्याकडे आदराने बघायचे आणि माझं बिस्कीट चहात विरघळून जायचं.

या वर्षी सोसायटीची निवडणूक आली. आधीचे अध्यक्ष पाण्याच्या टाकीवरून वैतागून मोकळे झाले होते. तीन जण माझ्याकडे आले. म्हणाले, सर, तुम्हीच व्हा, तुमच्यासारखा सरळ माणूस नाही. कशावरून, मी विचारलं. वहिनींनी सांगितलंय सगळं, ते म्हणाले.

ते गेले. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. बायको खाली बसून मेथी निवडत होती. मी समोर बसलो. एक जुडी घेतली. आणि म्हणालो, "एकशे तेहेतीस मूळ संख्या नाही."

"कोण?" ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. मिळवले, वजा करायचे होते. सात आणि एकोणीस. मेथीच्या काड्या घेऊन जमिनीवर मांडूनही दाखवलं, कारण बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. ती ऐकत होती. हात चालूच होते. चूक ऐकून ती हसलीसुद्धा. "एवढंच? माणूस आहे, चुकतो," म्हणाली. मला वाटलं, सुटलो. आणि मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याला मी आठ वर्षं भीत होतो.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

नंतर, असं म्हणता आलं असतं. शाळेत शिकवताना, मग कधीतरी. ही उत्तरं माझ्याकडे तयार होती, पाठच होती.

"त्याच दिवशी. चिवड्याच्या पिशव्या आल्या तेव्हा."

"म्हणजे निघायच्या आधी."

"पाऊण तास."

तिने पुढची जुडी ओढली. पण पानं टोपलीत आणि काड्या कागदावर टाकायच्या, त्या उलट पडायला लागल्या. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं. सगळं परत निवडलं. मग म्हणाली, "संध्याकाळी सभा आहे ना? तिथं सांगा. मी आठ वर्षं सांगितलं, आता उलटं सांगायला पुन्हा मी जायची का? तुम्ही सांगा."

सभा पार्किंगमध्ये होती. चाळीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, शिकवणीवाल्यांकडून आणलेला पांढरा फळा. माझं नाव सुचवलं गेलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, त्याआधी मला काही सांगायचंय. फळ्यावर एकशे तेहेतीस ठिपके काढले. सगळे काढले, सात-सातचे एकोणीस. त्याला वेळ लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ही टाकीची जाळी आहे का?"

मी सांगितलं. चूक सांगितली, पाऊण तास सांगितला, सासूबाईंचंही सांगितलं. एका काकांनी शेजाऱ्याला विचारलं, "म्हणजे टाकी यांनी पाडली का?" मग पुढच्या खुर्चीतून कवायतीच्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"सर, सात कशा घेतल्या असत्या मी?"

"म्हणजे?"

"अहो, ती गल्ली केवढी. लेझीम उघडायला दोन्ही बाजूंनी हात लागतो. सहाच्या वर तिथं मावतच नाहीत. मी तर सहाच धरून चालले होते. तुम्ही सात सांगितलं असतं तर मी तुम्हाला परत मोजायला लावलं असतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सहा म्हणालात की. त्याआधी ते मूळ-बिळ काय चाललं होतं, मला वाटलं सरांना हौस आहे, बोलू द्या."

लोक हसले. मीही हसलो. आठ वर्षांत पहिल्यांदा मला इतकं हलकं वाटलं की फळ्याला हात टेकवावा लागला. सहाच मावत असतील तर एकशे तेहेतीसमधली एक उरणारच होती. गणित चुकलं काय, बरोबर आलं काय, बायकोला थांबावंच लागलं असतं. माझी चूक कुणाला लागलीच नव्हती. मी वळून तिच्याकडे बघितलं. चेहरा बहुधा फार खूश असावा.

ती खुर्चीतूनच बोलली, फार मोठ्यांदा नाही. "गल्ली अरुंद होती हे बाईंना माहीत होतं. तुम्हाला कुठं माहीत होतं? तुम्ही रुंद समजूनच गप्प बसला होतात."

हसणं थांबलं. मी फळ्यावरचे ठिपके पुसायला लागलो. मग कुणीतरी टाकीचा विषय काढला. अध्यक्ष मी झालो, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी आयुष्यभर लोकांशी तसाच बोलत आलोय. आपल्याला ऐकायला लागलं की ते कसं लागतं ते तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "ती सातची मला शिकवा."

मी शिकवली. सावकाश, कागदावर, वजा हा शब्द दोनदा अधोरेखित करून. तिला एका बैठकीत आली. तेव्हापासून तिला दुसरा उद्योग नाही. दुधाच्या पिशवीवरचा आकडा, गॅसच्या पावतीवरचा आकडा, सगळ्यांना सात लावून बघते. स्कूटरवर मागे बसली की पुढच्या गाड्यांचे नंबर घेते. माफ केलं असं ती म्हणालेली नाही. मीही विचारलेलं नाही.

काल द्वारकेच्या सिग्नलला थांबलो होतो. पुढे एक रिक्षा होती.

"दोन हजार आठशे त्रेसष्ट," मागून आवाज आला. "जातो का?"

मी नजर टाकली. "नाही जात."

"कशावरून?"

"असं दिसतंय."

"दिसतंय नाही. करून सांगा." आणि माझ्या खांद्यावर बोट टेकवून तिनेच केलं. "दोनशे शहाऐंशीतून सहा गेले, दोनशे ऐंशी. अठ्ठावीसातून शून्य गेलं, अठ्ठावीस. सात चोक. जातो."

सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. मी गाडी न हलवता, मनातल्या मनात, तिचं सगळं पहिल्यापासून पुन्हा करून बघितलं.

"जातो," मी म्हणालो. "माझं चुकलं."

"हां," ती म्हणाली. "आता चला."